व्हाइट रम कॉकटेलसाठी कशी पारखायची: नुसती कमी, लिंबासोबत जास्त

बाटली उघडली, ग्लासात थोडी ओतली, एक घोट घेतला, "वा, काय स्मूद आहे" म्हटलं आणि रम पास. मी कित्येक वर्षं हेच करायचो. एकदा अशीच एक एकदम मऊ, घशाखाली कधी उतरली कळणारही नाही अशी रम आणली, चार जणांसाठी डायकिरी (रम, लिंबू आणि साखरेचं कॉकटेल) केल्या, तर त्यातल्या एकाने सरळ विचारलं, "अरे, यात रम टाकायची राहिली का?" राहिली नव्हती, प्रत्येक ग्लासात मोजून ६० मिली होती, पण लिंबू आणि साखरेने तिला पार गिळून टाकलं होतं. आणि एक जमैकन ओव्हरप्रूफ (नेहमीपेक्षा बरीच जास्त टक्क्यांची, कडक रम) होती जी नुसती चाखल्यावर मी नाक मुरडून कपाटात मागे ढकलली होती, ती सहज म्हणून लिंबू-साखरेत घातली तर काय सुंदर लागली, पिकलेलं केळं, अननस, आणि मागे काहीतरी थोडंसं कुजकं पण हवंहवंसं.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. कॉकटेलची रम ज्या अवस्थेत प्यायली जाणार त्याच अवस्थेत तपासायची, म्हणजे थंड, आंबट, गोड आणि बऱ्यापैकी पाणी मिसळलेली. नुसती चाखायचीच, पण ती दोष पकडायला. खरा निकाल लिंबाच्या हातात.

आधी हे डोक्यात पक्कं करा: पांढरी हा फक्त रंग आहे

"व्हाइट रम" असं ऐकलं की वाटतं एकच प्रकार असेल, पण रंग सोडला तर यांच्यात कधीकधी काहीही सारखं नसतं. काही पांढऱ्या रम लाकडी पिंपात अजिबात गेलेल्याच नसतात. काही एक-दोन-तीन वर्षं पिंपात मुरवतात आणि मग कोळशातून गाळून रंग काढून टाकतात. पोर्तो रिकोच्या रमला तर तिथल्या नियमानुसार निदान एक वर्ष मुरावंच लागतं. कोळशाने गाळलेली हलकी रम ही स्टाइल क्यूबातून पसरली, फाकुंदो बकार्डी मासो याने सांतियागो दे क्यूबामध्ये १८६२ मध्ये डिस्टिलरी काढली त्यानंतर ती जगभर गेली. गाळताना रंगासोबत थोडी चवही जाते, किती जाते ते करणाऱ्यावर अवलंबून. म्हणून बाटली उजेडात धरून बघितली आणि किंचित गवती-पिवळी झाक दिसली तर घाबरू नका, ती चांगलीच खूण असू शकते.

दुसरा फरक भट्टीचा. कॉलम स्टिल (उंच खांबासारखी भट्टी), ज्याच्या सुधारित रूपाचं पेटंट एनिअस कॉफी या माणसाने १८३० मध्ये घेतलं, ते अल्कोहोल पार ९५ टक्क्यांच्या आसपास नेऊ शकतं, आणि जितकं वर न्याल तितका माल स्वच्छ आणि चव कमी. पॉट स्टिल म्हणजे मोठं भांडंच, त्यातून तेलकट, जाड, वासाचा माल निघतो. तिसरा फरक मळी आंबवण्याचा: हलक्या रमला एक-दोन दिवस पुरतात, जमैकाच्या जड रमला आठवडे लागू शकतात, त्यात मागच्या डिस्टिलेशनचं उरलेलं आंबट पाणी (याला डंडर म्हणतात) पण टाकतात. त्यातून एस्टर नावाची वासाची रसायनं तयार होतात, आणि केळं, अननस, नेलपॉलिश रिमूव्हर हे सगळे वास याच एस्टरचे. जमैकन रमच्या या उग्र वासाला रमवाले फंक म्हणतात, जुना शब्द हॉगो, फ्रेंच "ओ गू" वरून आलेला.

आणि चौथा प्रकार अ‍ॅग्रिकोल: मळीऐवजी थेट उसाच्या ताज्या रसापासून. मार्टिनिकच्या अ‍ॅग्रिकोलला १९९६ पासून वाइनसारखा एओसी दर्जा (ठिकाणाच्या नावाला मिळणारं फ्रेंच संरक्षण) आहे आणि ती पांढरी बाटली बऱ्याचदा ५० किंवा ५५ टक्क्यांची असते. तिचा वास हिरवा, गवताचा, उसाच्या चिपाडाचा. ही रम क्यूबन स्टाइलच्या रमशेजारी ठेवून "कोण भारी" विचारणं म्हणजे तबला आणि बासरीचा सामना लावणं. आधी गट पाडा, मग गटात तुलना करा.

लेबलवर म्हणून एवढंच वाचा: मळी की रस, पॉट की कॉलम की दोन्हीचं मिश्रण, किती टक्के. बाकी "प्रीमियम", "सुपीरियर", "पाच वेळा गाळलेली" वगैरे सोडून द्या. जास्त वेळा गाळली म्हणजे चांगली हे गणित कॉकटेलसाठी बऱ्याचदा उलटंच निघतं.

तयारी

एका बैठकीत चार रम, फार तर पाच. त्यापुढे जीभ बधिर होते आणि तुम्ही काहीही लिहायला लागता. त्या चारांत एक रम अशी ठेवा जी तुम्ही आधीपासून ओळखता, नेहमीची, कारण मोजपट्टीशिवाय माप नाही. आज तीच ओळखीची रम वेगळी लागली तर समजा बाटलीत फरक नाही, तुम्हाला सर्दी होतेय.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा, छोटा वाइन ग्लास चालतो, सगळे एकसारखे. आणि ग्लास धुतल्यावर रिकाम्या ग्लासाचा वास घ्या, हे मी मुद्दाम सांगतोय. मी एकदा सलग दोन रमसमोर वहीत "साबणासारखा वास" असं लिहिलं, तिसऱ्यालाही तेच लिहायला लागलो तेव्हा ट्यूब पेटली, रिकामा ग्लास नाकाशी धरला तर भांड्याच्या साबणाचा घमघमाट, आणि कपाटाच्या लाकडाचाही. सगळं परत गरम पाण्याने धुवून पहिल्यापासून सुरू. परफ्यूम, आफ्टरशेव्ह, ताजी कॉफी, त्या तासापुरतं सगळं लांब. थुंकायला एक भांडं ठेवा आणि खरंच थुंका, लाजू नका, चार रम गिळून पाचवीबद्दल मत देणाऱ्याच्या मताला काही अर्थ नाही.

प्रत्येकी १५ मिली ओता, घरातल्या तापमानाला, आणि पाचेक मिनिटं तशीच राहू द्या. क्रम हलकीकडून जडकडे, कमी टक्क्यांकडून जास्तीकडे. ओव्हरप्रूफ आधी घेतलीत तर पुढच्या सगळ्या पाण्यासारख्या लागतील.

वास

वाइनसारखा ग्लास गरगर फिरवून नाक आत खुपसायचं नाही. ४० टक्के अल्कोहोल आहे ते, नाक जळेल आणि पुढची दहा मिनिटं काही कळणार नाही. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळूहळू वर आणा आणि जिथे वास यायला लागेल तिथेच थांबा. आधी वरवरचं येतं, फळं, नेलपॉलिश. मग खालचं, ऊस, गवत, व्हॅनिला, थोडं लाकूड. अगदी हलक्या रममध्ये फक्त स्पिरिटचा वास आणि मागे कुठेतरी गोडसर असं काहीतरी येईल, तेवढंच असेल तर तेवढंच लिहा, नसलेली "जाईजुई" शोधू नका.

दोष ओळखणं जास्त कामाचं. नेलपॉलिश रिमूव्हरची नुसती झुळूक, सोबत फळांचा वास असेल तर ठीक, जमैकनमध्ये ते अपेक्षितच आहे, पण बाकी काही नाही आणि फक्त रिमूव्हर असेल तर डिस्टिलेशन करताना सुरुवातीचा माल, ज्याला हेड्स म्हणतात, नीट बाजूला काढला गेलेला नाही अशी शंका घ्या. ओला पुठ्ठा, ओलं फडकं, घामाचा वास आला तर शेवटचा माल, टेल्स, जास्त आलाय. सडकं अंडं किंवा जळकी काडेपेटी म्हणजे गंधक. आणि केकच्या एसेन्ससारखा एकसुरी व्हॅनिलाचा भपकारा आला तर तो पिंपातून आलेला नसण्याचीच शक्यता जास्त.

तोंडात, आणि मग पाणी घालून

पहिला घोट अगदी अर्धा चमचा, तोंडात फिरवून थुंकून टाका. या घोटावर काही लिहू नका, जीभ फक्त अल्कोहोलच्या धक्क्यातून सावरत असते. दुसरा घोट खरा. तो दहा सेकंद धरा: जिभेवर पाण्यासारखी पातळ आहे की तेलकट? गोडी आहे का, आणि ती कुठे येते, टोकाला लगेच येऊन चिकटते की नंतर मागे जाणवते? थुंकलं की तोंड बंद करून नाकाने श्वास सोडा, वास परत येतो, आणि मला विचाराल तर रमबद्दलची सगळ्यात खरी माहिती या एका श्वासात असते. किती सेकंद टिकते ते मोजा. पाच सेकंदांत गायब होणारी रम लांब ड्रिंकमध्ये शोधावी लागेल.

जळजळ होते म्हणून मार्क कापू नका. ती बऱ्याचदा फक्त टक्क्यांची असते.

आता ग्लासात उरलेल्या रमइतकंच पाणी घाला, ४० ची रम २० वर येईल. ६३ टक्क्यांची ओव्हरप्रूफ असेल तर १५ मिलीला ३२ मिली पाणी लागेल तेव्हा ती २० वर येते. ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या रम मिसळून ठरलेली चव जमवणारे लोक, अशाच पातळ नमुन्यावर काम करतात, कारण अल्कोहोलचा पडदा बाजूला झाला की लपलेलं सगळं बाहेर येतं. चांगली रम इथे उलगडते, वास मोठा होतो. वाईट रम इथे उघडी पडते, पुठ्ठा असेल तर पुठ्ठा येतो, आणि काहीच नसेल तर काहीच येत नाही, नुसतं कडवट पाणी. पाणी घातल्यावर थोडी गढूळ झाली तर दोष समजू नका, तेलकट घटक जास्त असलेल्या आणि बारीक न गाळलेल्या रमला हे होतं.

बशीची परीक्षा

ती सुरुवातीची "स्मूद" रम आठवते? तिचं कोडं नंतर सुटलं. पांढऱ्या बशीत दोन चमचे रम ओता आणि रात्रभर उघडी राहू द्या, आगीपासून लांब. सकाळी अल्कोहोल आणि पाणी उडून गेलेलं असतं. साखर न घातलेली पांढरी रम असेल तर बशी जवळजवळ कोरडी, बोट फिरवलं तर विशेष काही लागत नाही. साखर घातलेली असेल तर बोट चिकटतं, कधीकधी चक्क पाकाचा गोल दिसतो. माझ्या बशीत गोल होता.

रममध्ये थोडी साखर घालणं हा काही गुन्हा नाही, युरोपियन युनियनचा नियमसुद्धा लिटरला २० ग्रॅमपर्यंत गोडवा चालवून घेतो. पण कॉकटेलमध्ये साखर किती ते आपण ठरवतो ना, मग रममध्ये लपून आलेली साखर सगळं प्रमाण बिघडवते. आणि नुसतं चाखताना जे "स्मूद" वाटतं त्यातलं बरंचसं हेच असतं.

खरी परीक्षा: छोट्या डायकिरी

डायकिरी क्यूबात सांतियागोजवळच्या खाणींच्या भागातली, श्रेय बहुतेक वेळा जेनिंग्ज कॉक्स या अमेरिकन खाण इंजिनिअरला देतात, साल साधारण १८९८ च्या आसपासचं. रम, लिंबू, साखर, बस. लपायला जागाच नाही म्हणून परीक्षेला हेच ड्रिंक.

पूर्ण मापात ६० मिली रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली पाक (साखर आणि पाणी वजनाने समान). पण चार रमच्या चार डायकिरी वेगवेगळ्या शेक केल्या तर गडबड होते, एकीला दहा सेकंद हलवलं, दुसरीला पंधरा, एकीत बर्फ ओला, दुसरीत कोरडा, आणि मग तुम्ही रमची तुलना करत नाही, स्वतःच्या हाताची करता. मी बरेच दिवस याच चुकीत होतो. उपाय सोपा आहे: शेक करूच नका. शेक केल्यावर बर्फातून जेवढं पाणी येतं तेवढं आपणच मोजून घालायचं.

चार रमसाठी एका जगमध्ये लिंबाचा रस ५० मिली (ताजा आणि गाळून, बाटलीतला नको, सकाळी पिळून ठेवलेलाही नको), पाक ४० मिली आणि पाणी ८० मिली नीट ढवळा. झाले १७० मिली. आता चार सारख्या ग्लासांत प्रत्येकी ३० मिली रम आणि वर या मिश्रणाचे ४२.५ मिली. सुई नसलेली औषधाची सिरिंज यासाठी बेस्ट. एका ग्लासात साधारण ७२ मिली आणि अल्कोहोल १६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नीट शेक केलेल्या डायकिरीइतकंच. ग्लास झाकून फ्रीजरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, बर्फ धरायच्या आत काढा. गार करणं टाळू नका, थंडीने गोडवा आणि वास दोन्ही दबतात आणि आपल्याला बघायचंच हे आहे की त्या दाबातून कोण वर येतं.

टक्के वेगळे असतील तर एक निर्णय घ्यावा लागतो. ६३ ची रमही ३० मिलीच घातली तर ती जिंकणारच, पण ती रमची जीत की अल्कोहोलची? मी तिची १९ मिली घेतो आणि ११ मिली पाणी वाढवतो, म्हणजे अल्कोहोल सगळ्या ग्लासांत सारखं. तशी केल्यावरही जर ती बाकीच्यांना झाकून टाकत असेल तर ती खरंच ताकदवान रम.

चाखताना तीन गोष्टी बघा. एक, रम आहे हे कळतं का? डोळे मिटून घोट घेतला तर हे लिंबू सरबत आहे की कॉकटेल? दोन, तिने काय आणलं, ऊस, गवत, केळं, किंचित लाकूड, की फक्त गरमपणा? तीन, शेवट. लिंबाची आंबट लाट ओसरली की मागे काय उरतं? चांगल्या रममध्ये आंबट-गोड संपल्यावर पुन्हा ऊस वर येतो, तीन-चार सेकंदांनी, आणि लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटतो. काही रम नुसत्या छान असतात पण लिंबासोबत शेवटाला धातूसारख्या किंवा कडू होतात, हे बाटलीतून चाखून कधीच कळत नाही.

मग ग्लास बाजूला ठेवून पंधरा मिनिटांनी परत चाखा, ड्रिंक थोडं कोमट झालेलं असताना. थंडीने लपवलेला दोष आता बाहेर येतो.

न बघता

हे सगळं लेबल बघून केलंत तर अर्धी मेहनत वाया. ग्लासांच्या तळाला चिकटपट्टीवर अक्षरं लिहा आणि दुसऱ्या कोणाला तरी जागा बदलायला सांगा. महागडी बाटली दिसली की जीभ खोटं बोलते, माझी तरी बोलते.

दोन रममध्ये खरंच फरक जाणवतो का असा प्रश्न असेल तर तीन ग्लास घ्या, दोनांत एक रम, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास कोणता ते ओळखा. एकदा बरोबर आलं तर खूश होऊ नका, अंदाजानेही तीनात एकदा येतंच. सलग तीनदा बरोबर आलं तर नशिबाने तसं व्हायची शक्यता २७ मध्ये १, तेव्हा माना. मी ज्या दोन रममध्ये "जमीन-अस्मानाचा फरक" सांगत फिरायचो त्या डायकिरीत मला ओळखता आल्या नाहीत. तेव्हापासून त्यातली स्वस्तातली घेतो.

कुठलं ड्रिंक, त्यावरून निकाल

डायकिरीत हरलेली रम लगेच मोरीत ओतू नका. मोहितोमध्ये पुदिना आणि सोडा असतो, तिथे खूप फंक असलेली रम पुदिन्याशी भांडते, हलकी पण शेवट स्वच्छ असलेली तिथे छान बसते. पिन्या कोलाडाचं उलटं: नारळाची साय आणि अननस एवढे जाड की हलकी रम तिथे असून नसल्यासारखी, तिथे अननसाचा एस्टर असलेली जमैकन घाला, जी मी कपाटात मागे ढकलली होती तसली. टी पंच हे मार्टिनिकचं ड्रिंक, रम, थोडी उसाची साखर आणि लिंबाची फोड एवढंच, पाणी जवळपास नाहीच, म्हणून तिथे अ‍ॅग्रिकोल हवी आणि ती नुसतीही चांगली लागायला हवी, इथे मात्र नुसतं चाखणं कामाचं. कोलासोबत द्यायची असेल तर एवढी परीक्षा करत बसू नका.

वहीत मार्क देण्यापेक्षा एक वाक्य लिहा, उदाहरणार्थ "डायकिरीत गवत येतं, शेवट छोटा, मोहितोला चालेल" किंवा "लिंबासोबत धातू, परत नको". शंभरपैकी ८७ दिले तर सहा महिन्यांनी ते ८७ कशाचे होते ते कोणाला आठवतंय. तारीख आणि बाटली किती भरलेली होती तेही टाका, तळाशी थोडीशी उरलेली, महिनोन्‌महिने उघडी पडलेली रम मूळ बाटलीसारखी लागेलच असं नाही.

आणि एखादी रम स्वच्छ आहे, शेवट चांगला आहे, पण लिंबाखाली दबते, असं असेल तर दुसरी बाटली शोधण्याआधी मिश्रण करून बघा. बाजारात मिळणाऱ्या काही पांढऱ्या रमसुद्धा बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद अशा दोन-तीन ठिकाणच्या मिसळून बनवलेल्या असतात, तेच घरी करायचं. छोट्या डायकिरीच्या ३० मिलीत २७ मिली हलकी आणि ३ मिली जमैकन ओव्हरप्रूफ. मग २५ आणि ५. मग २२ आणि ८. तिन्ही ग्लास शेजारी ठेवून चाखा. माझ्याकडे २५-५ वर गाडी थांबली, ८ ला नाकापेक्षा मोती जड झाला. पूर्ण ड्रिंकमध्ये ते ५० आणि १० होतं, आणि ती बिचारी स्मूद रम आता याच कामाला लागलीय, फक्त पाक २० ऐवजी १५ मिली घालतो, कारण तिची स्वतःची साखर आहेच.